वाक्यात ‘कसं’ कुठे बसवायचं?

या खेपेला बरेच प्रश्न एकाच जागी अडखळलेले दिसले. ‘हळू’, ‘नीट’, ‘भरभर’, ‘मनापासून’ असे ‘कसं?’चं उत्तर देणारे शब्द इंग्रजी वाक्यात नेमके कुठे घालायचे, हा तो पेच. शाळेतल्या व्याकरणात यांना रीतिवाचक क्रियाविशेषणं म्हणतात. म्हणून या अंकात हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत छापली आहेत; ती मनात न वाचता मोठ्याने वाचा, निम्म्या चुका कानालाच कळतील. चुकीच्या किंवा फार अवघडलेल्या वाक्याआधी फुली (×) आहे.

प्रश्न : मुलाखतीच्या सरावात मी ‘आय स्पीक फ्लुएंटली इंग्लिश’ म्हटलं. शिकवणाऱ्यांनी ते ‘आय स्पीक इंग्लिश फ्लुएंटली’ असं करून दिलं. कारण विचारलं तर ‘तसंच असतं’ एवढंच म्हणाले. मराठीत ‘इंग्रजी अस्खलित बोलतो’ आणि ‘अस्खलित इंग्रजी बोलतो’ दोन्ही चालतं. मग तिथे का नाही?
— पदवीधर वाचक, नांदेड

कारण आहे, आणि ते मराठीशी ताडून पाहिलं की लगेच दिसतं. ‘कुत्रा मांजराला चावला’ म्हणा की ‘मांजराला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच. ‘-ला’ लागल्यामुळे मांजराची भूमिका ठरून गेली, आता ते वाक्यात कुठेही बसो. इंग्रजी नामाला असा प्रत्यय नाही. ‘द डॉग बिट द कॅट’मध्ये मांजराला चावा बसला हे कळतं ते फक्त ‘कॅट’ क्रियापदाच्या लगेच पुढे आहे म्हणून. जागांची अदलाबदल केली की मांजर कुत्र्याला चावतं. थोडक्यात, क्रियापदाच्या पुढची जागा हाच इंग्रजीतला ‘-ला’. आता मराठीत आपण शब्द आणि त्याचा प्रत्यय यांच्यामध्ये तिसरं काही घालतो का? ‘मांजरा हळूच ला’ असं दोन वर्षांचं पोरही म्हणत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला ‘स्पीक’ आणि ‘इंग्लिश’ यांच्यात घुसलेलं ‘फ्लुएंटली’ साधारण तितकंच खटकतं.

तुमची चूक आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ. त्यामुळे आपण नकळत मराठी वाक्य शेवटाकडून वाचत इंग्रजी करतो. ही खोड मोडू नका, फार कामाची आहे. ‘तो – काल – शेतात – कसून – राबला’ हे वाक्य घ्या. कर्ता जागेवर ठेवा आणि उरलेलं उलट्या क्रमाने म्हणा: राबला, कसून, शेतात, काल. ‘ही वर्क्ड हार्ड इन द फील्ड यस्टर्डे.’ एकही शब्द हलवावा लागला नाही. पण ‘मी – इंग्रजी – अस्खलित – बोलतो’ उलटवलं की ‘× आय स्पीक फ्लुएंटली इंग्लिश’ हाती येतं. मराठीतच ‘अस्खलित’ हा शब्द कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये बसला होता, उलटवल्यावरही तो तिथेच राहिला.

तेव्हा काम दोन टप्प्यांत करा. आधी मराठी वाक्यातच कर्म उचलून क्रियापदाला चिकटवा, मराठीला त्याने काही होत नाही. मग उलटवा. ‘तिने काल ऑफिसात सगळी बिलं नीट तपासली’ याचं आधी ‘तिने – काल – ऑफिसात – नीट – सगळी बिलं – तपासली’ करा. आता शेवटाकडून: ‘शी चेक्ड – ऑल द बिल्स – केअरफुली – इन द ऑफिस – यस्टर्डे.’ पुस्तकांत ‘रीत, स्थळ, काळ’ असा जो क्रम पाठ करायला लावतात तो यात आपोआप येतो, वेगळा पाठ करायला नको.

आणि क्रियापद-कर्माच्या मध्ये तुम्हाला काही घालायचंच असेल, तर क्रियाविशेषण सोडून विशेषण घ्या. ‘आय स्पीक फ्लुएंट इंग्लिश’ हे वाक्य उत्तम आहे, कारण ‘फ्लुएंट’ इथे ‘इंग्लिश’चाच भाग झाला. तसंच ‘आय स्पीक इंग्लिश वेल’ किंवा ‘आय स्पीक गुड इंग्लिश’ म्हणा. ‘× आय स्पीक वेल इंग्लिश’ मात्र नको. मुलाखतीत हेच वाक्य चुकलं तर ते वाक्यच आपल्याविरुद्ध साक्ष देतं.

प्रश्न : ‘ही लुक्ड केअरफुली ॲट द मॅप’ बरोबर आणि ‘ही स्टडीड केअरफुली द मॅप’ चूक असं सरांनी सांगितलं. दोन्हींत नकाशाच पाहिला ना?
— अकरावीची विद्यार्थिनी, रत्नागिरी

नकाशा एकच, पण त्याची वाक्यातली सोय वेगळी. ‘लुक’ला स्वतःचं कर्म घेता येत नाही, नकाशाला वाक्यात आणायचं काम ‘ॲट’ करतो. नकाशा ‘ॲट’ला बांधलेला आहे, ‘लुक’ला नाही. म्हणून ‘लुक्ड’ आणि ‘ॲट’ यांच्यामध्ये फट आहे आणि त्या फटीत ‘केअरफुली’ बसतं. ‘ही लिसन्ड पेशंटली टू द ओल्ड मॅन’, ‘शी स्पोक सॉफ्टली टू द चाइल्ड’ ही त्याच घरातली वाक्यं. ‘स्टडी’ कर्माला थेट धरतो, तिथे फट नाही. म्हणून ‘ही स्टडीड द मॅप केअरफुली’.

यात एक खड्डा आहे. ‘टर्न ऑफ’, ‘पुट डाउन’, ‘पिक अप’ यांतले ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘अप’ दिसायला ‘ॲट’सारखेच, पण ते क्रियापदाचेच अवयव आहेत. ‘× ही टर्न्ड क्विकली ऑफ द गॅस’ असं होत नाही. ‘ही टर्न्ड ऑफ द गॅस क्विकली’ किंवा ‘ही क्विकली टर्न्ड ऑफ द गॅस’ असंच म्हणायचं. कोणता शब्द कोणत्या जातीचा हे ओळखायला नामाऐवजी ‘इट’ घालून बघा. ‘टर्न्ड इट ऑफ’ असं ‘इट’ मध्ये शिरलं तर तो अवयव. ‘लुक्ड ॲट इट’ असं ‘इट’ शेवटी गेलं तर मध्ये फट आहे.

प्रश्न : एका मार्गदर्शकात ‘शी ओपन्ड द बॉक्स केअरफुली’ आहे, दुसऱ्यात ‘शी केअरफुली ओपन्ड द बॉक्स’. विद्यार्थी विचारतात खरं कोणतं. ‘वेल’ मात्र कधीच आधी आलेलं दिसत नाही. काही धरबंध आहे का?
— शिक्षक, बार्शी

दोन्ही शुद्ध आहेत, पण त्यांची कामं वेगळी. इंग्रजी वाक्यात नवी किंवा महत्त्वाची माहिती शेवटाकडे ढकलली जाते. ‘हाउ डिड शी ओपन द बॉक्स?’ असा प्रश्न असेल तर उत्तर ‘शी ओपन्ड इट केअरफुली’ असंच हवं. ‘शी केअरफुली ओपन्ड इट’ यात व्याकरणाची चूक नाही, तरी ते त्या प्रश्नाचं उत्तर वाटत नाही. मधली जागा कथनात शोभते: ‘शी केअरफुली ओपन्ड द बॉक्स अँड टुक आउट द ओल्ड फोटोग्राफ्स.’ इथे वाचणाऱ्याचं लक्ष पेटीतून काय निघालं याकडे आहे; पेटी कशी उघडली हे जाता जाता सांगितलं. विद्यार्थ्याला संभ्रम असेल तर शेवटची जागा सुचवावी. ती जवळजवळ कधीच चुकत नाही, आणि मधल्या जागेच्या हौसेपोटी साध्या वाक्यांचं फार नुकसान झालेलं दिसतं.

आता ‘वेल’. क्रियापदाआधीच्या जागेवर फक्त ‘-ली’वाल्यांना प्रवेश आहे. ‘वेल’, ‘हार्ड’, ‘फास्ट’ हे शेपूट नसलेले शब्द शेवटीच: ‘शी सिंग्ज वेल’, ‘दे वर्क्ड हार्ड’, ‘ही रॅन फास्ट’. दोन-तीन शब्दांचे गट, म्हणजे ‘विथ केअर’, ‘इन अ हरी’, ‘लाइक अ चाइल्ड’, यांनाही मध्ये जागा नाही. ‘× शी विथ केअर ओपन्ड द बॉक्स’ हे सरळ मराठीतून उचललेलं. ‘फ्रेंडली’ इथेच फसवतं. शेवटी ‘-ली’ आहे, पण ते विशेषण आहे. ‘× ही फ्रेंडली टॉक्ड टू मी’ जसं चूक, तसंच ‘× ही टॉक्ड टू मी फ्रेंडली’ही. त्याला ‘इन अ फ्रेंडली वे’ असं चार शब्दांचं बोचकं करून शेवटी पाठवायचं. ‘सिली’, ‘लव्हली’, ‘लोनली’ हेही त्याच जातीचे.

कर्मणी प्रयोगात मात्र ‘वेल’ची जागा बदलते. ‘द लेटर वॉज वेल रिटन’, ‘द जॉब वॉज वेल डन’: इथे तो क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाच्या अगदी आधी येतो. ‘बॅडली’चंही असंच. ‘ही ट्रीटेड मी बॅडली’ म्हणायचं, ‘× ही बॅडली ट्रीटेड मी’ नाही. पण ‘आय वॉज बॅडली ट्रीटेड’ छान. ‘ट्रीट’ आणि ‘बिहेव्ह’ ही अशी क्रियापदं आहेत की ‘कसं’ सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाहीत. नुसतं ‘ही ट्रीटेड मी’ म्हटलं तर त्याने औषधपाणी केलं किंवा चहा पाजला असा अर्थ निघेल. अशा वेळी ‘कसं’ हाच वाक्याचा गाभा असल्यामुळे ते शेवटी हवं.

साहाय्यक क्रियापदांची रांग असेल तर रीत सांगणारा शब्द रांगेच्या शेवटी, मुख्य क्रियापदाला टेकून: ‘द पेपर्स हॅव बीन केअरफुली चेक्ड.’ ‘× द पेपर्स केअरफुली हॅव बीन चेक्ड’ नको. ‘ऑल्वेज’ची सवय इथे घात करते, कारण ‘किती वेळा’ सांगणारे शब्द पहिल्या साहाय्यकाच्या मागोमाग बसतात: ‘शी हॅज ऑल्वेज बीन केअरफुल.’ दोघांना एकाच धड्यात शिकवलं की मुलं हमखास गोंधळतात. आठवडाभराचं अंतर ठेवलेलं बरं.

प्रश्न : ‘ऑनेस्टली ही टोल्ड मी’ आणि ‘ही टोल्ड मी ऑनेस्टली’ यांत फरक आहे असं वाचलं. एका शब्दाची जागा बदलून एवढं काय होतं?
— गृहिणी, मडगाव

पुष्कळ होतं. ‘ही टोल्ड मी एव्हरीथिंग ऑनेस्टली’ म्हणजे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. ‘ऑनेस्टली, ही टोल्ड मी एव्हरीथिंग’ म्हणजे ‘खरंच सांगते, त्याने मला सगळं सांगितलं’. प्रामाणिकपणा त्याच्याकडून तुमच्याकडे आला! वाक्याच्या सुरुवातीला, स्वल्पविरामापलीकडे बसलेला शब्द बहुधा बोलणाऱ्याचं मत सांगतो. ‘शी एक्स्प्लेन्ड इट क्लिअरली’ म्हणजे स्पष्ट समजावलं. ‘क्लिअरली, शी एक्स्प्लेन्ड इट’ म्हणजे ‘तिने समजावलं होतं हे उघडच आहे’. ‘नॅचरली’, ‘फ्रँकली’, ‘सीरियसली’ हे सगळे असेच दुतोंडी. मात्र ‘स्लोली, द डोअर ओपन्ड’मध्ये दार हळूच उघडतं, तिथे मत वगैरे काही नाही, ती गोष्टीतली नाट्यमय जागा. ज्या शब्दातून मत निघूच शकत नाही तो कुठेही गेला तरी रीतच सांगतो.

मधल्या जागेतही अर्थ सरकतो, आणि हा फरक जास्त गंमतीचा आहे. ‘ही ॲन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’: त्याने मूर्खासारखं उत्तर दिलं. ‘ही फूलिशली ॲन्सर्ड द क्वेश्चन’: उत्तर कदाचित अचूक असेल, पण ते देऊन त्याने मूर्खपणा केला, गप्प बसायला हवं होतं. मराठीत यासाठी आपण वाक्याची बांधणीच बदलतो, ‘मूर्खासारखं’च्या जागी ‘देऊन मूर्खपणा केला’ म्हणतो. इंग्रजी तेच काम शब्दाची जागा हलवून उरकते. ‘ही इन्व्हेस्टेड द मनी वाइजली’ म्हणजे पैसे विचारपूर्वक, चार ठिकाणी वगैरे गुंतवले. ‘ही वाइजली इन्व्हेस्टेड द मनी’ म्हणजे उधळले नाहीत, गुंतवले, हे शहाणपणाचं झालं.

‘बॅडली’चा खेळ आणखी निराळा. ‘शी सिंग्ज बॅडली’ म्हणजे वाईट गाते. ‘आय बॅडली नीड अ जॉब’मध्ये वाईट काहीच नाही, ‘मला नोकरीची फार निकड आहे’. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ तर परस्परविरोधी निघतात. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे काडी हलवत नाही. शिफारसपत्र लिहिताना हे डोक्यात असू द्यावं.

नकाराबरोबर तर जपूनच. ‘त्याने मुद्दाम फोन उचलला नाही’ आणि ‘त्याने मुद्दाम कप फोडला नाही’ ही मराठी वाक्यं एकाच साच्यातली आहेत. पहिल्यात मुद्दामपणा आहे, दुसऱ्यात तो नाकारला आहे. आपण हे संदर्भाने आणि आवाजाच्या चढ-उताराने ओळखतो. इंग्रजीत ते जागेवरून ठरतं. ‘ही डेलिबरेटली डिडन्ट ॲन्सर द फोन’: ‘डेलिबरेटली’ नकाराच्या आधी आहे, म्हणून न उचलणं हेच मुद्दाम. ‘ही डिडन्ट ब्रेक द कप डेलिबरेटली’: ‘डेलिबरेटली’ नकाराच्या नंतर आहे, म्हणून फोडणं मुद्दाम नव्हतं. नकाराच्या आधी बसलेला शब्द नकाराला कवेत घेतो, मागे बसलेला बहुधा स्वतःच नाकारला जातो.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज चेक ऑल द फॉर्म्स दॅट द ब्रँच हॅज सेंट केअरफुली’ असं लिहिलं. क्रियाविशेषण शेवटी ठेवलं, कर्म क्रियापदाला चिकटलेलं आहे, तरी साहेबांनी वाक्य बदललं. का?
— कार्यालयीन कर्मचारी, ठाणे

साहेबांचं बरोबर आहे. ‘केअरफुली’ आता ‘सेंट’च्या शेजारी बसलं. तुमचं वाक्य म्हणतंय की शाखेने फॉर्म काळजीपूर्वक पाठवले आहेत, ते तपासा. तुम्हाला तपासणी काळजीपूर्वक हवी होती. कर्मात स्वतःचं क्रियापद असलेलं शेपूट, ‘दॅट’ किंवा ‘विच’ने सुरू होणारं, जोडलेलं असलं की शेवटची जागा त्या शेपटाच्या ताब्यात जाते.

अशा वेळी मधली जागा वापरा: ‘प्लीज केअरफुली चेक ऑल द फॉर्म्स दॅट द ब्रँच हॅज सेंट.’ आणि इथे वर सांगितलेल्या नियमाला एक सूटही आहे. कर्म खूप लांबलचक असेल तर इंग्रजी लेखक क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण चालवून घेतात: ‘प्लीज चेक केअरफुली ऑल द फॉर्म्स दॅट द ब्रँच हॅज सेंट.’ वजनदार पाहुणा शेवटच्या खुर्चीवर, तसं. ‘× प्लीज चेक केअरफुली द फॉर्म’ला मात्र ही सूट नाही, कारण ‘द फॉर्म’मध्ये वजनच नाही. सूट कधी घ्यायची याचा नेमका आकडा नाही. कर्म म्हणताना मध्ये श्वास घ्यावासा वाटला तर ते लांब समजा. मेलमध्ये मी तरी ‘केअरफुली चेक’च लिहीन. वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही.

जाता जाता: ‘काइंडली चेक’मधलं ‘काइंडली’ हे ‘कसं’चं उत्तर नाही, ती ‘कृपया’ची विनंती. म्हणून ते क्रियापदाआधीच हवं. ‘चेक द फॉर्म्स काइंडली’ म्हटलं तर फॉर्मशी प्रेमाने वागा असा अर्थ व्हायचा. आणि ‘प्लीज’ असताना ‘काइंडली’ कशाला? एक पुरे.

प्रश्न : ‘हळूहळू’साठी ‘स्लोली स्लोली’ म्हटलं की मुलगी हसते. मग काय म्हणायचं? आणि ‘धाडकन’, ‘गटागट’ यांना इंग्रजीत शब्द आहेत का?
— ज्येष्ठ वाचक, सांगली

‘हळूहळू’ मराठीत दोन कामं करतं, ती आधी वेगळी करा. ‘हळूहळू चाल’मध्ये वेग आहे, त्याला एकच ‘स्लोली’ पुरतं: ‘वॉक स्लोली.’ ‘हळूहळू त्याला सगळं जमायला लागलं’मध्ये काळाबरोबर होणारा बदल आहे, त्याला ‘ग्रॅज्युअली’ किंवा ‘लिटल बाय लिटल’. ‘ग्रॅज्युअली’ मध्येही चालतं, ‘लिटल बाय लिटल’ हा गट असल्यामुळे सुरुवातीला किंवा शेवटी. शब्द दोनदा म्हणून जोर आणणं ही आपल्या भाषांची लकब; इंग्रजीत तसं ऐकलं की कानाला भारतीयच वाटतं.

‘धाडकन’, ‘गटागट’, ‘ढसाढसा’, ‘फिदीफिदी’ ही तर मराठीची श्रीमंती. आपल्याकडे क्रियापद साधंच असतं, लावणं, पिणं, रडणं, हसणं, आणि सगळी रंगत त्याआधीच्या नादशब्दात. इंग्रजीत बहुतेक वेळा हा नाद क्रियापदाच्या पोटातच असतो. ‘धाडकन दार लावलं’ला ‘ही क्लोज्ड द डोअर विथ अ लाउड साउंड’ नको, ‘ही स्लॅम्ड द डोअर’. गटागट प्यायला तर ‘गल्प्ड’. ढसाढसा रडली, ‘सॉब्ड’. फिदीफिदी हसल्या, ‘गिगल्ड’. टक लावून पाहिलं, ‘स्टेअर्ड’. रमतगमत चाललो, ‘स्ट्रोल्ड’. लंगडत गेला, ‘लिम्प्ड’. कुजबुजत सांगितलं, ‘व्हिस्पर्ड’.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा की योग्य क्रियापद सापडलं तर क्रियाविशेषण कुठे ठेवायचं हा प्रश्नच उरत नाही. उलट सापडूनही ते ठेवलं तर वाक्य बोजड होतं: ‘स्लॅम्ड द डोअर लाउडली’मधलं ‘लाउडली’ फुकटचं, हळूच ‘स्लॅम’ कोण करतं? आधी क्रियापद शोधा, नाही सापडलं तरच ‘-ली’. उजळणी म्हणून घरी बसल्या बसल्या मराठीतले असे दहा नादशब्द काढून त्यांची क्रियापदं शोधता येतील. मुलीलाही सगळी येतीलच असं नाही.

प्रश्न : ‘आंबा गोड लागतो’चं ‘द मँगो टेस्ट्स स्वीटली’ का नाही? आणि घाटात ‘ड्राइव्ह स्लो’ अशी पाटी असते, ती चूक का?
— दहावीतला विद्यार्थी, महाड

मराठीतला ‘गोड’ दोन्ही पोशाखांत एकसारखाच दिसतो. ‘ती गोड गाते’मध्ये गाण्याची रीत सांगतो, ‘आंबा गोड लागतो’मध्ये आंब्याचा गुण. इंग्रजीत पोशाख वेगळे: ‘शी सिंग्ज स्वीटली’, पण ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’. ‘टेस्ट’च्या जागी ‘इज’ घालून बघ. ‘द मँगो इज स्वीट’ जमतं, म्हणजे विशेषण हवं. ‘ही लुक्ड अँग्री’ (तो रागावलेला दिसला) आणि ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’ (माझ्याकडे रागाने पाहिलं) यांतही हाच भेद. पहिल्यात ‘इज’ बसतं, दुसऱ्यात नाही.

‘ड्राइव्ह स्लो’ चूक नाही. जुन्या इंग्रजीत अनेक विशेषणांना शेवटी एक ‘ए’चा स्वर जोडून क्रियाविशेषण करत. कालांतराने तो स्वर गळून पडला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘स्लो’ यांची दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. ‘स्लो’चा जोडीदार ‘स्लोली’ टिकून राहिला, ‘फास्ट’चा ‘फास्टली’ मात्र टिकला नाही, म्हणून आजच्या इंग्रजीत तो शब्द वापरत नाहीत. पाटीवर आणि बोलण्यात ‘स्लो’ चालतं, निबंधात ‘स्लोली’ लिही. पण शेपूट नसलेला असल्यामुळे हा ‘स्लो’ शेवटीच येतो. ‘ही ड्रोव्ह स्लो’ कोणी म्हणेल, ‘× ही स्लो ड्रोव्ह’ कोणीच नाही.

प्रश्न : ‘शी वेंट क्वायटली होम’ चूक, पण ‘शी वेंट क्वायटली टू द स्टेशन’ चालतं असं का?
— वाचक, बेळगाव

‘होम’, ‘देअर’, ‘अपस्टेअर्स’ ही एका शब्दाची ठिकाणं ‘गो’, ‘कम’ला कर्मासारखीच बिलगतात, म्हणून ‘शी वेंट होम क्वायटली’. ‘टू’ लावून आलेलं ठिकाण तेवढं चिकट नसतं. तिथे आखूड शब्द आधी आणि लांब गट नंतर हा साधा न्याय लागतो. त्यामुळे ‘रीत, स्थळ, काळ’ हा क्रम ‘होम’पुढे मोडतो: ‘शी वेंट होम क्वायटली लास्ट नाइट.’

प्रश्न : ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये काहीही येऊ नये असा नियम आम्ही शिकलो. आता वर्तमानपत्रांत ‘टू क्विकली रिच’, ‘टू फुली अंडरस्टँड’ सर्रास दिसतं. नियम बदलला का?
— निवृत्त शिक्षिका, अमरावती

भाषेत तो पक्का नियम कधी नव्हताच. शाळांनी तो पक्का केला. हेन्री अल्फर्ड या कँटरबरीच्या धर्माधिकाऱ्याने 1864 मध्ये अशा रचनेवर नापसंती नोंदवली आणि पुढे शिक्षकांनी ती उचलून धरली. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं असतं, ते तोडताच येत नाही, असाही दाखला द्यायची पद्धत होती. पण इंग्रजीत ते दोन शब्द आहेत, मग लॅटिनचा धाक कशाला? 1926 मध्ये फाउलर यांच्यासारख्या काटेकोर कोशकारानेही या भीतीची थट्टा केली होती.

काही वेळा तर मध्ये घालणं हाच अर्थ वाचवायचा उपाय असतो. ‘तिने गुपचूप निघून जायचं ठरवलं’: यात ठरवणं गुपचूप की जाणं? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. ‘शी डिसायडेड क्वायटली टू लीव्ह’मध्येही दोन्ही निघतात. ‘शी क्वायटली डिसायडेड टू लीव्ह’ म्हटलं की ठरवणं गुपचूप. ‘शी डिसायडेड टू क्वायटली लीव्ह’ म्हटलं की जाणं गुपचूप, शंका नाही. जुन्या वळणाचे परीक्षक किंवा वरिष्ठ खटकून घेतील असं वाटत असेल तर ‘शी डिसायडेड टू लीव्ह क्वायटली’ लिहा. अर्थ तोच राहतो आणि ‘टू’लाही धक्का लागत नाही. पण ‘टू फुली अंडरस्टँड द प्रॉब्लेम’ला हात लावू नका. ‘फुली’ला दुसरीकडे कुठेही हलवलं तरी ते तिथे इतकं सहज बसत नाही.